कमरेचें शस्त्र



आजचा विषय ऐकून आपल्यापैकीं कांहींना थोडें नवल वाटलें असेल. ज्यानें उभ्या आयुष्यांत खडूपलीकडे दुसरें हत्यार हातीं धरलें नाहीं, अशा एका निवृत्त शाळामास्तरानें शस्त्रांच्या निवडीविषयीं बोलावें, हें वरकरणी विसंगत दिसतें खरें. परंतु ह्या विषयाशीं माझा संबंध केवळ ग्रंथांतून आलेला नाहीं; तो आमच्या सेनगांवच्या जुन्या घराच्या एका तुळईंतून आलेला आहे. तो कसा, हें ओघानें पुढें येईलच.

२०२४ सालच्या जुलै महिन्यांत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयांतील वाघनखें सातारच्या संग्रहालयांत ठेवण्यांत आलीं. तीं पाहून परत आलेल्या माझ्या नातवानें घरांत पाऊल टाकतांच विचारलें, "आबा, सगळ्यांत भारी शस्त्र कोणतें?" अडतीस वर्षें मीं इतिहास शिकविला, त्या काळांत एकहि वर्ग असा गेला नाहीं कीं ज्यांत हा प्रश्न कोणी तरी विचारला नाहीं. मीं नेहमीं उलट विचारीत असें, "कोणाच्या हातांत? कोठें? किती अंतरावरून?" मुलें हिरमुसून जात. त्यांना एक नांव हवें असे, आणि मास्तर तीन नवे प्रश्न पदरांत घालीत. परंतु ह्या तीन प्रश्नांवांचून त्या एका प्रश्नाला उत्तरच नाहीं, असें माझें आजहि मत आहे.

प्रथम आपण शब्दाचा अर्थ निश्चित करूं. भाला, धनुष्य, बंदूक हीं योद्ध्याचीं मुख्य शस्त्रें. तीं घेऊन तो लढावयास निघतो, आणि काम संपलें म्हणजे तीं खालीं ठेवतो. कमरेचें शस्त्र तसें नव्हे. तें जेवतांना, स्वारी करतांना, दरबारांत बसतांना अंगावर असतें. आणि भाला मोडला, बाण संपले, बंदुकींत दारू भरावयास सवड उरली नाहीं, म्हणजे हात आपोआप त्याच्याकडे जातो. म्हणून त्याच्या दोन परीक्षा असतात. उपयोग नसतांना त्यानें आड येतां कामा नये, ही पहिली. उपयोगाची वेळ येईल तेव्हां, ती ज्या जागीं येईल त्या जागीं, त्यानें चालावें, ही दुसरी. पहिल्या परीक्षेंत जें नापास होतें तें खुंटीवर जाऊन बसतें; आणि खुंटीवरच्या शस्त्राला कमरेचें शस्त्र म्हणणें म्हणजे निजलेल्या पहारेकऱ्याला पहारेकरी म्हणण्यासारखें आहे.

आमच्या घरीं अशी एक तलवार खुंटीवर होती. ती अद्यापहि आहे. पातें सरळ, रुंद, मधून दोन उथळ पन्हळी गेलेल्या. मुठीला हाताची पाठ झांकणारी लोखंडी वाटी. ती घरांत कोणी आणली हें निश्चित ठाऊक नाहीं. आमच्यापासून जवळच असलेल्या हिंगोलीस निजामाच्या काळीं हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती, तेथील रिसाल्यांत आमचा कोणी पूर्वज होता असें वडील सांगत. पातें पाहतां ती तलवार मला छावणीच्याहि पूर्वींची वाटते. तें कसेंहि असो. दर वर्षीं खंडेनवमीस ती खालीं उतरे, तिला तेल लागे, गंधफूल वाहिलें जाई, आणि दुसरे दिवशीं ती परत खुंटीवर जाई. वर्षाचे उरलेले दिवस तिच्या मुठीला कोणाचा हात लागत नसे.

१९४८ सालच्या भाद्रपदाची ही गोष्ट. निजामाचें राज्य शेवटच्या घटका मोजीत होतें. १३ सप्टेंबरला हिंदी सैन्य सरहद्द ओलांडून आंत आलें व १७ सप्टेंबरला निजामाच्या फौजेनें शरणागति पत्करली, हें आपण जाणतांच. त्याच्या कांहीं दिवस आधींच्या एका पावसाळी रात्रीं आमच्या घराचें दार कुऱ्हाडीनें फुटलें. आलेले लोक कोण होते हें अखेरपर्यंत कळलें नाहीं. त्या दिवसांत रझाकारांची दहशत होती, आणि त्या दहशतीच्या आडोशानें साधे दरोडेखोरहि हात धुवून घेत. आजोबांनीं भिंतीवरची तलवार ओढली. लांकूड फोडणारा मनुष्य कुऱ्हाड उचलतो तशी ती त्यांनीं डोक्यावर उचलली, आणि तिचें टोंक वरच्या तुळईंत रुतलें.

ज्यांनीं मराठवाड्यांतील माळवदाचें घर आंतून पाहिलें नसेल, त्यांना थोडें सांगावयास हवें. भिंती जाड मातीच्या. वर लांकडी तुळया. तुळयांवर किलचण पसरून त्यावर पांढऱ्या मातीचा थर. दोन तुळयांमधील जागेला खण म्हणतात, आणि घराची ऐपत खणांवरून मोजतात. उन्हाळ्यांत असें घर गार राहतें म्हणून छत बुटकेंच ठेवीत. सेवानिवृत्तीनंतर एके दुपारीं मीं टेप घेऊन मोजमाप केलें. जमिनीपासून तुळईच्या खालच्या कडेपर्यंत सात फूट चार इंच. साधारण उंचीच्या मनुष्याची मूठ डोक्यावर गेली म्हणजे साडेसहा फुटांवर येते. तलवारीचें पातें तीन फूट एक इंच. म्हणजे ती तलवार उभी उचलावयास नऊ फूट सात इंचांची जागा हवी होती. आमच्या माजघरांत ती सवादोन फूट कमी होती. सातवीच्या मुलास सहज सुटेल असें हें गणित, पण त्या रात्रीं तें सोडवावयास कोणापाशीं वेळ होता?

तलवार ओढून काढण्यास जेवढा वेळ लागला तेवढ्यांत समोरच्या मनुष्याची कुऱ्हाड आजोबांच्या उजव्या हातावर आली. पुढचा वार झाला नाहीं, कारण आजीनें उखळाजवळचें मुसळ उचललें होतें. तिनें तें डोक्यावर नेलें नाहीं. कांडतांना वरून खालीं जातें तेंच तिनें आडवें धरून सरळ पुढें ढकललें, आणि तो मनुष्य छातीवर आघात बसून दारांत कोसळला. शेजारीं हाकाटी झाली, मंडळी धांवली, आणि आलेले पळाले. आजोबांचें मनगट वांकडें जुळलें. बोटें पुन्हा कधींहि पूर्ण मिटलीं नाहींत. बारा वर्षांच्या माझ्या वडिलांची शाळा सुटली व नांगराची रुमणी त्यांच्या हातीं आली. मला शिकविण्याचा त्यांनीं जो अट्टाहास धरला, त्याचें मूळ त्या तुळईच्या खांचेंत आहे.

आतां त्या तलवारीला दोष द्यावा काय? मुळींच नाहीं. ती उत्तम तलवार आहे. केवळ ती आमच्या माजघरासाठीं घडविलेली नव्हती. हिला मराठींत फिरंग म्हणतात, कारण पातें फिरंग्यांच्या देशांतून आलेलें. पोर्तुगीज व त्यांच्यामागून आलेले इतर व्यापारी युरोपांतलीं पातीं पश्चिम किनाऱ्यावर उतरवीत, आणि येथले कारागीर त्यांवर देशी मूठ चढवीत. मराठ्यांची धोप म्हणून जी लांब सरळ तलवार प्रसिद्ध आहे, ती ह्याच कुळांतली. तिची लांबी ही शोभेची नव्हे. घोड्यावर बसलेल्या स्वाराला खालीं पायीं चालणाऱ्या मनुष्यापर्यंत, किंवा दुसऱ्या घोड्यावरच्या स्वारापर्यंत पोंचावें लागतें. मध्यें त्याच्या स्वतःच्या घोड्याची मान व खांदा असतो. तेथें एक वीत कमी पडली तर वार हवेंत जातो. मुठीच्या शेवटीं एक लोखंडी दांडी पुढें आलेली असते. प्रसंगीं दुसऱ्या हातानें तीहि धरून दोन्ही हातांचा जोर लावतां येतो. मोकळें मैदान, भरधांव घोडा, आणि लहानपणापासून त्या वजनाला सरावलेला खांदा, एवढीं तीन असलीं म्हणजे तिच्यासारखें शस्त्र नाहीं. आमच्या घरीं त्यांपैकीं एकहि नव्हतें.

वाकड्या तलवारीची गोष्ट थोडी वेगळी. तिचें पातें वळलेलें असल्यानें वार बसतांच तें ओढलें जातें व कापीत जातें. संग्रहालयांत ह्या तलवारींच्या मुठी पाहून प्रेक्षक म्हणतात, "अरे, पूर्वींच्या लोकांचे हात किती लहान!" मींहि पूर्वीं असेंच समजत होतों. परंतु मूठ आंखूड ठेवण्यांत हेतु आहे. खालची वाटोळी कटोरी मनगटाला टेकते आणि वर परज. ह्या दोहोंमध्यें मूठ घट्ट बसावी, हातांत हलूं नये, असा तो घाट आहे. मनगट तेथें मोकळेंपणीं फिरत नाहीं. खांदा व कोपर यांच्या जोरानें ओढून कापावयाचें असेल तर ही अडवणूकच उपयोगी पडते. आणि युरोपियन पद्धतीनें मनगट फिरवून टोंचूं पाहणाऱ्याला ती मूठ चावते. म्हणजे नुसतें शस्त्र पाहून भागत नाहीं. तें वापरण्याची रीतहि त्याच्याबरोबरच घरांत यावी लागते.

अंतर कमी होत गेलें म्हणजे तलवारीची लांबी गुणाऐवजीं अडचण होऊं लागते. तेथून कट्यारीचें राज्य सुरू होतें. जगांतील बहुतेक खंजिरांची मूठ पात्याच्या रेषेंत असते. आपल्या कट्यारीची मूठ मात्र आडवी, दोन दांड्यांच्या मधोमध. मुठींत धरली कीं पातें आपल्या मुष्टीच्या सरळ पुढें येतें, व ठोसा मारावा तसा सबंध देहाचा जोर टोंकाशीं जातो. तें टोंक पुष्कळदां मुद्दाम जाड ठेवलेलें असतें, कारण तें मऊ अंगांत शिरावयाचें नसून चिलखताच्या कड्या फोडावयाच्या असतात. ती पोटावर शेल्यांत खोंवतां येते, बसतांना आड येत नाहीं, आणि बसल्या जागेवरून उपसतांहि येते. दरबारांत वावरणाऱ्या सरदारांच्या चित्रांत ती हमखास दिसते, तें उगीच नाहीं. तंजावरकडच्या जुन्या कट्यारी पाहतांना मला एका गोष्टीची मौज वाटते. त्यांतील कित्येकांचीं पातीं हीं मोडलेल्या फिरंगी तलवारींचे तुकडे घासून केलेलीं आहेत. लांब होती तेव्हां घोडेस्वाराची. मोडली तेव्हां पायउताराची. त्या कारागिराला लोखंडाची किंमत कळत होती, आणि अंतराचीहि.

ह्या विचाराची परमावधि पाहावयाची तर प्रतापगडाच्या पायथ्याशीं जावें लागतें. १० नोव्हेंबर १६५९ रोजीं तेथें जी भेट झाली तिची हकीकत प्रत्येक मराठी मुलाला पाठ असते, म्हणून ती मी सांगत बसत नाहीं. मी फक्त एका शस्त्रपारख्याच्या नजरेनें तिच्याकडे पाहा असें म्हणेन. भेट शामियान्यांत व्हावयाची. दोघांजवळ मोजकींच माणसें असावयाचीं. आणि भेटीची रीत आलिंगनाची. म्हणजे दोन देहांमधील अंतर आधींच ठरलेलें होतें, आणि तें शून्य होतें. समोरचा पुरुष अंगापिंडानें थोर, आणि त्याच्या मनांत काय आहे हें ठाऊक नाहीं. अशा जागीं जगांतली उत्कृष्ट तलवार म्यानांतून अर्धी बाहेर येण्यापूर्वींच निकाल लागला असता.

शिवाजी महाराजांनीं प्रथम जें निवडलें तें शस्त्रच नव्हतें. अंगरख्याखालीं चिलखत व मंदिलाखालीं लोखंडी टोप ही त्यांची पहिली निवड. समोरच्याचा पहिला वार झेलल्यावर आपण उभे राहूं याची तरतूद आधीं, आणि आपल्या वाराची नंतर. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. मग बिचवा व वाघनख. बिचवा म्हणजे नागमोडी वळणाचा, मुठीला कडें असलेला लहानसा खंजीर, अस्तनींत मावतो. वाघनख बोटांत घालून मूठ मिटली तर दिसतहि नाहीं. कोणतें शस्त्र कोणत्या हातांत होतें व प्रथम कोणतें चाललें याविषयीं बखरींचें एकमत नाहीं, आणि तो तंटा मी येथें उकरून काढीत नाहीं. दोन्ही शस्त्रें एकाच अंतराचीं होतीं एवढें पुरे. पुढें सय्यद बंडा पट्टा घेऊन धांवून आला तेव्हां अंतर बदललें होतें, व तेथें जिवा महालाच्या तलवारीनें काम केलें. म्हणजे जवळचें शस्त्र महाराजांच्या अंगावर आणि लांबचें शस्त्र विश्वासू माणसाच्या हातांत, अशी वांटणी होती.

सातारच्या प्रदर्शनांत ठेवलेलीं वाघनखें हीच तीं काय, असा प्रश्न आपल्या मनांत आला असेल. ग्रँट डफ हा सातारचा रेसिडेंट होता. मराठ्यांचा इतिहास त्यानें १८२६ सालीं प्रसिद्ध केला. त्याच्या घराण्याकडून तीं नखें संग्रहालयाकडे गेलीं, व पेटीवरच्या लेखांत महाराजांनीं शत्रूचा सेनापति मारल्याचा उल्लेख आहे. परंतु तीं प्रत्यक्ष त्याच प्रसंगींचीं आहेत हें सिद्ध करतां येत नाहीं, असें ते संग्रहालयवालेच म्हणतात. माझ्या नातवाला हें ऐकून वाईट वाटलें. मीं त्याला म्हटलें कीं, नखें तींच असोत वा तशींच दुसरीं असोत, तूं त्यांची लांबी तर पाहिलीस ना? तेवढ्यासाठीं सातारची फेरी फुकट गेली नाहीं.

पुण्याच्या लाल महालांतील ५ एप्रिल १६६३ ची रात्र ही ह्याच्या उलट बाजूची. तेथें अंधार, भिंती, गोंधळ, आणि पळणारी माणसें. महाराज त्या वाड्यांत लहानपणीं राहिलेले असल्यानें वाट त्यांची पायांखालची होती. तरीहि त्या अंधारांत शाएस्तेखानाचीं बोटें तुटलीं व खान निसटला. घराच्या आंत, काळोखांत, तलवारीसारख्या शस्त्राचा नेम किती अनिश्चित असतो याचें याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाहीं. अर्थात् मोहिमेचा हेतु साधला, कारण खानानें त्यानंतर पुणें सोडलें. परंतु तो हेतु एकट्या तलवारीनें साधला नाहीं. घराच्या माहितीनें तिच्याइतकेंच काम केलें.

दांडपट्ट्याविषयीं चार शब्द बोलल्यावांचून पुढें गेलों तर कोल्हापूरकर मला क्षमा करणार नाहींत. २०२४ सालीं महाराष्ट्र शासनानें त्यास राज्यशस्त्राचा मान दिला, व तो योग्यच आहे. कोपरापर्यंतचा हात लोखंडी खोबणींत जातो. आंतल्या आडव्या दांड्याला मूठ धरते. पुढें लांब, दुधारी व लवचिक पातें. मर्दानी खेळांत जमिनीवरचें लिंबू ह्या पट्ट्यानें कापतांना पाहिलें म्हणजे अंगावर कांटा येतो. अनेकांनीं घेरलेल्या एकट्या मनुष्याला स्वतःभोंवतीं पात्याचें कडें उभें करतां यावें, हा त्याचा हेतु. परंतु तो कमरेला लटकविण्याचा पदार्थ नव्हे. तो चढवावा लागतो, आणि एकदां चढविला कीं त्या हातानें दाराची कडी काढतां येत नाहीं, लगाम धरतां येत नाहीं, पडलेल्या सोबत्याला उचलतांहि येत नाहीं. मनगट बांधलें गेल्यानें सर्व चलनवलन खांद्यांतून व कमरेंतून व्हावें लागतें. तें अंगीं मुरावयास वर्षें लागतात. शिकलेल्याच्या हातीं तो वीज आहे. न शिकलेल्याच्या हातीं तो त्याच्याच मांडीला घातक आहे. हौसेनें एका दिवसांत पट्टा फिरवूं पाहणारीं मुलें मीं पाहिलीं आहेत, म्हणून बोललों.

बंदुकीच्या दारूनें हा सारा हिशेब पालटला असें आपण समजतों. मला तसें वाटत नाहीं. हिशेब तोच राहिला, आंकडे बदलले. जुनीं चकमकीचीं पिस्तुलें जोडीनें खोगिराला अडकवीत, कारण एका पिस्तुलांतून एकच गोळी सुटे. ती सुटली कीं स्वार पुन्हा तलवारीकडे वळे. १८३६ सालीं अमेरिकेंत कोल्टनें फिरत्या नळकांड्याच्या पिस्तुलाचें पेटंट घेतलें व पुढें तलवार हळूहळू शोभेची वस्तु झाली. मग नवा वाद सुरू झाला: गोळी जड असावी कीं हलकी? फिलिपाइन बेटांतील लढायांत आपलीं .३८ चीं रिव्हॉल्व्हरें धांवून येणाऱ्या शत्रूला थोपवीत नाहींत असा अमेरिकन सैनिकांना अनुभव आला, व १९११ सालीं त्यांच्या सैन्यानें .४५ चें जड पिस्तूल स्वीकारलें. इंग्रजांनीं पहिल्या महायुद्धानंतर नेमकें उलट केलें. त्यांचें जुनें .४५५ चें वेब्ली रिव्हॉल्व्हर जबर होतें, पण थोड्या शिक्षणांत तें सामान्य सैनिकाला आवरत नसे. म्हणून त्यांनीं हलकें.३८ घेतलें. दोन सैन्यें, एकच काळ म्हणावा इतकें थोडें अंतर, आणि दोन विरुद्ध उत्तरें. चूक कोणाची? माझ्या मतें कोणाचीहि नाहीं. एकानें समोर येणारा शत्रु पाहिला, दुसऱ्यानें स्वतःच्या शिपायाचा हात पाहिला.

आपल्याकडे कानपूरच्या सरकारी कारखान्यानें २०१४ सालीं स्त्रियांसाठीं म्हणून 'निर्भीक' नांवाचें .३२ चें हलकें रिव्हॉल्व्हर काढलें. वजन सुमारें पांचशें ग्रॅम, किंमत तेव्हां सव्वा लाखाच्या आसपास. हेतु निःसंशय चांगला. परंतु माझ्या कमरेच्या दोन परीक्षा मी त्यास लावून पाहतों. परवाना, किंमत, सराव हें सर्व पार पडलें असें धरा. तें राहणार कोठें? बहुधा पिशवींत, छत्री, डबा व कागदपत्रें यांच्याखालीं. गर्दीच्या बसमध्यें, किंवा जिन्याच्या वळणावर, पाठीमागून हात आला असतां तें पिशवींतून बाहेर येईपर्यंत किती वेळ जाईल? माझ्या शाळेंतील एका शिक्षिकाबाईंनीं ह्यावर मला फार समर्पक उत्तर दिलें होतें. त्या म्हणाल्या, "गुरुजी, मला पिस्तूल नको, थांब्यावर दिवा हवा आणि शेवटची बस वेळेवर हवी." त्या बाईंना अंतर व जागा या दोन्ही गोष्टी माझ्याहून अधिक कळत होत्या.

शहरांतील श्रोत्यांना एक व्यावहारिक गोष्ट सांगणें अवश्य वाटतें. १८७८ च्या इंग्रजी हत्यार कायद्याची जागा स्वतंत्र हिंदुस्थानांत १९५९ च्या शस्त्र कायद्यानें घेतली. त्याखालील नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या तलवारी, खंजीर, गुप्त्या वगैरे शस्त्रांत मोडतात. शेतीच्या व घरकामाच्या अवजारांना त्यांतून वगळलें आहे. तेव्हां पिढीजात तलवार ज्यांच्या घरीं असेल त्यांनीं ती बाहेर मिरविण्यापूर्वीं आपल्या ठाण्याचा हुकूम काय आहे हें विचारून घ्यावें. हल्लीं बाजारांत चकचकीत पत्र्याच्या तलवारी मिळतात, त्यांविषयीं तर बोलावयासच नको. खऱ्या तलवारीच्या पात्याचा शेवट मुठीच्या पोटांत खोल जातो व लाख ओतून पक्का केलेला असतो. ह्या तलवारींत कित्येकदां बोटभर पट्टी नुसती चिकटविलेली असते. गेल्या वर्षीं आमच्या भागांतील एका मिरवणुकींत एका तरुणानें अशी तलवार आवेशानें फिरविली. मूठ त्याच्या हातांत राहिली व पातें गर्दीवरून जाऊन एका दुकानाच्या फळीवर आपटलें. कोणाला लागलें नाहीं, ही त्या दिवसाची पुण्याई.

आमची तलवार मागावयास दोघेतिघे येऊन गेले. एकाला ती दिवाणखान्यांत लावावयाची होती, एकाला मिरवणुकींत न्यावयाची होती. मीं कोणालाहि दिली नाहीं. मी स्वतः रात्रीं मळ्याकडे निघालों तर माझ्या हातीं विजेरी व खांद्याएवढी काठी असते. आमच्या रानांत भीति असते ती सापाची, रानडुकराची, आणि अंधारांतल्या खड्ड्याची. ह्या तिहींसाठीं एवढें पुरतें. कमरेला एक लहान चाकू असतो, पण त्यानें मी फक्त सुतळी कापतों.

गेल्या दिवाळींत नातवाला मीं त्या माजघरांत नेलें. घराचा पुढचा भाग आम्ही स्लॅबचा केला. माजघर तसेंच ठेवलें आहे, आणि तुळईवरची खांच वडिलांनीं कधीं बुजवूं दिली नाहीं. तलवारीच्या लांबीची एक काठी मीं त्याच्या हातीं दिली व म्हटलें, उचल. त्यानें उचलली, टोंक खाडकन् तुळईला लागलें. पोरगा क्षणभर वर पाहत राहिला, मग काठी खालीं घेऊन त्यानें ती पुढें ढकलून पाहिली. "आबा, खापरपणजोबांनीं अशी पुढें खुपसायला हवी होती."

"होय," मीं म्हटलें, "पण त्यांना तें कोणी शिकविलें नव्हतें. तिला हात लावायचा तो फक्त पूजेला."

मग त्यानें विचारलें कीं, तें मुसळ कोठें आहे? मीं त्याला सांगितलें कीं, गांवांत पिठाची व भाताची गिरणी आल्यावर उखळ अंगणांत गेलें, त्यांत तुळस लावली गेली. आणि मुसळ कोणी तरी एका पावसाळ्यांत चुलींत घातलें.